गिरणगावातील समूहबंध आणि कामगारांचे व्यक्तिगत स्वास्थ्य : एक ऐतिहासिक अभ्यास (१८५६ ते १९८३)

प्रस्तावना

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे विधान समाजशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. परंतु मनुष्य एकाच समाजाचा घटक नसतो. तो एकाच वेळी कुटुंबाचा, गावाचा, जातीचा, व्यवसायाचा, वस्तीचा आणि संघटनेचा घटक असतो. या निरनिराळ्या समूहांविषयी त्याला वाटणारे आपलेपण त्याच्या मनःस्वास्थ्यावर, शारीरिक स्वास्थ्यावर आणि संकटाला तोंड देण्याच्या क्षमतेवर कोणता परिणाम करते, हा प्रश्न अलीकडच्या काळात मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासाचा विषय बनला आहे. इतिहासाने मात्र या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. कामगारांचा इतिहास लिहिताना वेतन, संप, कायदे आणि पुढारी यांची चर्चा विस्ताराने होते. परंतु परक्या शहरात आलेला माणूस कोणाच्या आधाराने जगला, आजारपणात त्याच्या उशाशी कोण बसले आणि काम गेल्यावर तो कोणाचा राहिला, हे प्रश्न बहुधा तळटीपेत जातात.

मुंबईचे गिरणगाव हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अत्यंत योग्य क्षेत्र आहे. परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी, भायखळा, चिंचपोकळी आणि डिलाईल रोड या परिसरात शंभर वर्षांहून अधिक काळ नांदलेल्या कामगारवस्तीने समूहजीवनाचे अनेक प्रकार निर्माण केले. त्या समूहांनी माणसांना तारले, काहींना दूरही ठेवले आणि १९८२ च्या संपानंतर त्यांची कठोर परीक्षाही झाली.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. पहिले, गिरणगावातील कामगार ज्या प्रमुख समूहांशी जोडलेला होता त्यांचे स्वरूप स्पष्ट करणे. दुसरे, प्लेग, प्रदीर्घ संप आणि बेकारी यांसारख्या संकटकाळात या समूहांनी बजावलेल्या भूमिकेचा आढावा घेणे. तिसरे, समूहबंधांच्या हितकारक परिणामांबरोबरच त्यांतील बहिष्काराची बाजू तपासणे. चौथे, केवळ समूहांची संख्या महत्त्वाची की त्यांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्यही महत्त्वाचे, याचा विचार करणे.

हा अभ्यास प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्याची पद्धत ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. ‘स्वास्थ्य’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजला आहे. निरोगी शरीर, निश्चिंत मन, समाजातील मान आणि उद्याविषयीचा भरवसा या चारही गोष्टींचा त्यात समावेश होतो. मनाच्या अवस्था मोजणारी साधने शंभर वर्षांपूर्वीच्या कामगारांना लावता येत नाहीत. त्यामुळे येथील अनुमाने त्यांच्या प्रत्यक्ष वर्तनावरून आणि त्यांनी उभारलेल्या संस्थांवरून काढलेली आहेत.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

समूहाशी असलेले नाते आणि व्यक्तीचे जीवित यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने मांडण्याचे श्रेय फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दर्खाईम याला दिले जाते. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्महत्येवरील ग्रंथात त्याने असे दाखवले की, आत्महत्या ही वरकरणी अत्यंत खाजगी वाटणारी कृती असली तरी तिचे प्रमाण समाजातील एकात्मतेच्या प्रमाणाशी निगडित असते. त्याच ग्रंथात त्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. समूहबंध अतिशय शिथिल झाले तर ते घातक ठरतात, त्याचप्रमाणे ते व्यक्तीला पूर्णपणे गिळून टाकण्याइतके घट्ट झाले तरीही घातक ठरतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विचाराला दोन दिशांनी पुष्टी मिळाली. हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७० च्या दशकात सामाजिक अस्मितेचा सिद्धांत मांडला. व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचा एक मोठा भाग ती ज्या समूहांची घटक आहे त्यांच्यापासून आलेला असतो, हे या सिद्धांताचे सार होय. दुसऱ्या बाजूने, लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साईम यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अलामेडा परगण्यातील सुमारे सात हजार प्रौढांचा नऊ वर्षे मागोवा घेऊन १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विवाह, आप्तमित्र, धर्मसंस्था आणि इतर संघटना यांच्याशी ज्यांचे संबंध कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांना आढळले. पुढे कॅथरीन हॅसलम, अलेक्झांडर हॅसलम, योलांडा येटन आदी अभ्यासकांनी या दोन्ही प्रवाहांची सांगड घातली. एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यात मोठे स्थित्यंतर घडते तेव्हा तिचे आधीपासून अनेक समूहांशी नाते असेल तर त्यांपैकी काही टिकून राहण्याची शक्यता वाढते आणि ती व्यक्ती स्थित्यंतर अधिक समर्थपणे पेलते, असे प्रतिपादन त्यांनी केले. नाव नोंदवलेले असणे आणि आपलेपण वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांच्या विवेचनातील मुद्दा गिरणगावाच्या संदर्भात विशेष उपयुक्त आहे.

गिरणगावाची निर्मिती आणि स्थलांतरित कामगार

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापड गिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली आणि मुंबईच्या औद्योगिक युगाला प्रारंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास पोहोचली. या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ मुख्यत्वे कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यातून आणि देशावरील सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर या भागांतून आले. कालांतराने उत्तर भारतातून येणाऱ्यांची त्यात भर पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबईच्या दर पाच रहिवाशांपैकी सुमारे चार जण शहराबाहेर जन्मलेले होते.

हा कामगार शेतीपासून पूर्णपणे तुटलेला नव्हता. कोकणातील खाचरे लहान आणि कुटुंब मोठे अशी स्थिती असल्याने घरातील एक-दोन पुरुष मुंबईस जात आणि बायकामुले गावी राहत. शिमगा, गणपती, पेरणी-कापणी या निमित्ताने चाकरमानी गावी परतत असे. तत्कालीन गिरणीमालक आणि सरकारी अधिकारी याकडे कामगाराची अस्थिरता व बेशिस्त म्हणून पाहत. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मधील आपल्या ग्रंथात या समजुतीचे खंडन केले आहे. गावाशी राखलेले नाते हे मागासलेपणाचे लक्षण नसून, अनिश्चित रोजगार आणि तुटपुंजे वेतन असलेल्या शहरात टिकून राहण्यासाठी कामगाराने जाणीवपूर्वक सांभाळलेले साधन होते, अशी त्यांची मांडणी आहे. बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहून काम मिळते की नाही याची वाट पाहावी लागे. अशा माणसाच्या दृष्टीने गाव म्हणजे त्या काळात उपलब्ध असलेला एकमेव विमा होता.

समूहजीवनाचे विविध स्तर

गिरणगावातील समूहजीवनाचा पहिला स्तर गावकीचा होता. एका गावातील किंवा वाडीतील पुरुष मिळून चाळीत खोली भाड्याने घेत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. एका पाळीचा कामगार गिरणीत असताना दुसऱ्या पाळीचा खोलीत विश्रांती घेई. भाडे वर्गणीतून भरले जाई. नव्याने आलेल्या मुलाला काम लागेपर्यंत खोलीत आसरा मिळे आणि बहुधा गाववाल्याच्याच ओळखीने मुकादमापर्यंत त्याची वर्णी लागे. पुढे या खोल्यांतून ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. गावातील देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पाण्याची विहीर, आजारी माणसाला गावी पोहोचवण्याचा खर्च आणि मयताचे क्रियाकर्म ही कामे मंडळांच्या वर्गणीतून पार पडत. गोमंतकीयांनी धोबीतलाव, माझगाव आदी भागांत उभारलेले ‘कूड’ याच प्रकारात मोडतात. गावाच्या नावाने चालणाऱ्या या निवासांत बोटीवर काम करणारे खलाशी, आचारी आणि वादक यांना अल्प दरात राहण्याची सोय असे आणि सायंकाळची प्रार्थना सर्वांनी एकत्र म्हणण्याचा प्रघात होता.

दुसरा स्तर खाणावळीचा होता. एकट्याने राहणाऱ्या कामगाराच्या जेवणाची व्यवस्था चाळीतीलच एखादी स्त्री करीत असे. खाणावळवाली महिनाभर उधारीवर जेवू घाली आणि पगाराच्या दिवशी पैसे घेई. पथ्यपाणी पाहणे, पगार गावी पाठवण्याची आठवण देणे, दारूच्या आहारी जाणाऱ्याला दटावणे हीदेखील तिची अलिखित कामे होती. हे नाते व्यवहाराचे असूनही त्यात घरपणाचा अंश होता.

तिसरा स्तर चाळीचा होता. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामाईक नळ आणि सामाईक शौचालये अशी त्यांची रचना होती. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील कामगार व त्यांची घरे यांविषयीच्या ग्रंथात येथील दाटीचे आणि अनारोग्याचे विदारक चित्र आढळते. चाळजीवनाचा गौरव करताना हे विसरता येत नाही. क्षयरोग आणि बालमृत्यू हे या वस्तीचे नित्याचे सोबती होते. तथापि त्याच सामाईक व्हरांड्यात शेजार नावाची संस्थाही वाढली, हेही तितकेच खरे आहे.

चौथा स्तर सांस्कृतिक समूहांचा होता. भजनी मंडळे, नमन-खेळे, दशावतार, तमाशाचे फड, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, गणेशोत्सव मंडळे आणि हौशी नाट्यसंस्था यांनी परळ-लालबागचा परिसर गजबजलेला असे. नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने वाचनालये, रात्रशाळा आणि दवाखाने चालवले. परळच्या दामोदर सभागृहाने कामगार रंगभूमीला हक्काची जागा मिळवून दिली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात याच वस्तीतील लोककलांना राजकीय आशय दिला. दिवसभर साच्यापुढे उभा राहणारा माणूस संध्याकाळी पखवाज वाजवणारा, लेझीम खेळणारा किंवा राजपार्ट वठवणारा कलावंत होई. गिरणीत त्याची ओळख हजेरीपटावरील क्रमांकाने होती. मंडळात ती नावाने होती.

पाचवा स्तर कामगार संघटनेचा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. या सुटीचा विचार केवळ विश्रांतीच्या दृष्टीने करणे अपुरे आहे. सर्वांना एकाच दिवशी मिळालेल्या मोकळ्या वेळेमुळेच मंडळाची बैठक, भजन, कुस्ती आणि सभा शक्य झाल्या. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियनची स्थापना झाल्यावर गिरणीनिहाय समित्यांच्या रूपाने संघटना खात्याखात्यांत पोहोचली.

संकटकाळातील समूहबंध : प्लेग व १९२८ चा संप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला. काही महिन्यांतच शहरातील लाखो लोक गावोगाव निघून गेले आणि गिरण्या ओस पडू लागल्या. ज्यांना गाव होते त्यांना जाण्यासाठी ठिकाण होते. त्याच वेळी सरकारने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्यास आरंभ केला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत रोग्याच्या तपासणीवरून दंगल उसळली.

या घटनांचा अर्थ केवळ अज्ञान किंवा अंधश्रद्धा असा लावणे योग्य नाही. आप्तांपासून तोडले जाऊन परक्या लोकांत मरण येणे ही भीती रोगाच्या भीतीहून मोठी होती. पुढे प्रशासनाने निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये चालवण्यास परवानगी दिल्यावर विरोधाची धार कमी झाली. तेथील रोग्याजवळ आपल्या भाषेचा, आपल्या आहाराचा आणि ओळखीचा माणूस होता. प्लेगने मृत्यू पावलेल्यांत फेब्रुवारी १८९७ मध्ये दिवंगत झालेले लोखंडे हेही होते.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात चाललेला सार्वत्रिक संप हा समूहबंधांच्या कार्याचा दुसरा नमुना होय. सहा महिने वेतनाविना काढणे एकट्या माणसाला शक्य नव्हते. हजारो कामगार गावी परतले, शहरात राहिलेल्यांना वाण्याची उधारी आणि खाणावळीची सवलत मिळाली, युनियनने धान्यवाटपाची व्यवस्था केली. गावकी, शेजार आणि संघटना हे तीन वेगवेगळे समूह होते. त्यांची साधने वेगवेगळी होती आणि एकाचा आधार कमी पडला तेव्हा दुसऱ्याने भार उचलला. या प्रसंगात अनेक समूहांशी असलेल्या नात्याचे मोल स्पष्टपणे दिसून येते.

समूहबंधांची दुसरी बाजू : बहिष्कार

गिरणगावाच्या समूहजीवनाचे वर्णन येथेच थांबवले तर ते एकांगी ठरेल. आत घेणारा प्रत्येक समूह कोणाला तरी बाहेर ठेवत असतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने ‘विटाळ’ होईल, असे कारण त्यासाठी पुढे केले जाई. ही बंदी मालकांच्या संमतीने चालत असली तरी ती पाळणारे त्याच गिरणीतील सवर्ण कामगार होते. पिण्याच्या पाण्याची भांडी आणि चाळीतील वस्ती यांतही हीच विभागणी होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न उपस्थित केला आणि कामगारांच्या मागण्यांत विणकाम खाते खुले करण्याच्या मागणीचा अंतर्भाव व्हावा असा आग्रह धरला. एकाच गिरणीत काम करूनही ज्याला सहकाऱ्याच्या मडक्यातील पाणी मिळत नाही, त्याच्यासाठी ‘कामगार’ ही ओळख अपुरी होती.

या अनुभवातूनच स्वतंत्र समूहनिर्मितीची प्रेरणा बळावली. परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन दशकांहून अधिक काळ राहिलेल्या आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर सभागृहातच होते. तिने वसतिगृहे, वाचनालये आणि क्रीडामंडळे यांना चालना दिली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात हा पक्ष व कम्युनिस्ट संघटना एकत्र आल्या. स्वतःच्या समूहात मान मिळाल्यानंतरच व्यापक समूहात बरोबरीच्या नात्याने सामील होता येते, हा या घटनाक्रमाचा बोध आहे. समूहाचे घटक असणे स्वास्थ्यकारक ठरण्यासाठी तेथील स्थान सन्मानाचे असावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडले. १९२० च्या दशकात गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्या प्रामुख्याने वाइंडिंग व रीळ खात्यांत काम करीत. पुढील दशकांत त्यांचे प्रमाण सतत घटत गेले आणि त्या कमी मोबदल्याच्या घरगुती कामांकडे ढकलल्या गेल्या. गावकीची खोली, तालीम आणि संघटनेची समिती या तिन्ही संस्था पुरुषांच्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने खाणावळ चालवणाऱ्या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले, तेव्हा या स्त्रियांना प्रथमच स्वतःच्या नावाचा समूह लाभला. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळणे हा त्याचा आर्थिक लाभ होता. चार भिंतींआड, एकएकटीने चाललेल्या श्रमाला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळणे हा त्याहून महत्त्वाचा लाभ होता.

१९८२ चा संप आणि आधारांचा ऱ्हास

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपामागे वेतन व बोनस यांबरोबरच प्रतिनिधित्वाचा प्रश्न होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही मान्यताप्राप्त संघटना होती. कायद्याच्या दृष्टीने ती सर्व कामगारांच्या वतीने बोलत होती, परंतु असंख्य कामगारांना ती आपली वाटत नव्हती. कागदावरील सदस्यत्व आणि मनातील आपलेपण यांतील दरीचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. वर्ष-दीड वर्षात तो विरत गेला आणि लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

१९२८ आणि १९८२ या दोन संपांची तुलना बोधप्रद आहे. १९८२ च्या संपातही गावाने आधार दिला. अनेक कामगार कोकणात आणि देशावर परतले, गावाकडून धान्य आले. परंतु मधल्या चोपन्न वर्षांत गिरणगाव बदलले होते. कामगारांची दुसरी-तिसरी पिढी मुंबईतच जन्मलेली होती. जमिनीच्या वाटण्या होऊन हिस्से नाममात्र उरले होते. कुटुंब मुंबईत आल्याने गावकीच्या खोलीशी असलेला नित्य संबंध सैल झाला होता. ज्यांचे गाव हजार किलोमीटर दूर होते, त्यांना जाऊन-येऊन राहणे परवडणारे नव्हते.

याहून महत्त्वाची गोष्ट समूहांच्या रचनेशी संबंधित आहे. वरवर पाहता १९८२ मधील कामगार अनेक समूहांचा घटक होता. गिरणीतील खाते, युनियन, खाणावळ, पतपेढी, भिशी, गिरणीचा कबड्डी संघ आणि कामगार नाट्यस्पर्धेतील चमू असे कितीतरी समूह सांगता येतील. परंतु हे सर्व एकाच खांबाला टेकलेले होते आणि तो खांब म्हणजे गिरणी. भोंगा बंद झाला तेव्हा खात्यातील सोबत संपली. वेतन थांबले तेव्हा भिशी मोडली, पतपेढीचे हप्ते थकले, खाणावळवालीची उधारी बुडाली आणि तिची चूलही अडचणीत आली. समूहांची संख्या मोठी होती, परंतु ते परस्परांपासून स्वतंत्र नव्हते. उलट, गावाशी असलेले नाते, भजनी मंडळ, नातेसंबंध आणि आंबेडकरी वस्त्यांतील बौद्ध संस्था यांचा पाया गिरणीबाहेर असल्याने गिरणी बंद पडूनही त्यांचे अस्तित्व उरले.

या संदर्भात ऑस्ट्रियातील मारिएंथाल गावाच्या अभ्यासाचे स्मरण होते. तेथील कापड कारखाना १९३० च्या सुमारास बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी गावाची पाहणी करून १९३३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बेकारांकडे वेळ मुबलक असूनही ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, मंडळांतील उपस्थिती रोडावली, पुरुषांची चालण्याची गतीही मंदावली. घरकामाचे वेळापत्रक कायम असलेल्या स्त्रियांचा दिवस मात्र तितका विस्कळीत झाला नाही. पुढे १९८२ मध्ये, म्हणजे मुंबईतील संपाच्याच वर्षी, याहोडा यांनी रोजगाराची वेतनाव्यतिरिक्तची पाच कार्ये स्पष्ट केली : दिवसाला आकार देणे, कुटुंबाबाहेरील माणसांचा सहवास, सामूहिक उद्दिष्ट, समाजातील स्थान व ओळख आणि नियमित कृती. गिरणी बंद झाल्यावर कामगाराने या पाचही गोष्टी एकदम गमावल्या.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात या पडझडीचे प्रत्यक्ष अनुभव नोंदवलेले आहेत. दागिने विकणे, मुलांची शाळा सुटणे, व्यसन, घरातील कर्त्या पुरुषाचे मौन आणि बायकांवर आलेला संसाराचा संपूर्ण भार या गोष्टी तेथे वारंवार येतात. तरुण मुलांपैकी काही गुन्हेगारी टोळ्यांकडे ओढले गेले. या घटनेचा विचार समूहबंधांच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे. जुने समूह मोडकळीस आले म्हणून समूहाची गरज नाहीशी होत नाही. टोळीदेखील नाव, दरारा, सोबत आणि मिळकत देते. हितकारक समूहांनी रिकामी केलेली जागा फार काळ मोकळी राहत नाही.

ओळख टिकवण्याचा प्रयत्न

गिरण्या बंद झाल्या तरी ‘गिरणी कामगार’ ही ओळख पुसली गेली नाही. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर तीव्र झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विकासकांच्या बाजूने लागला. तरीही कामगारांना घरे मिळावीत यासाठीचा लढा चालू राहिला आणि २०१२ मध्ये म्हाडामार्फत गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत निघाली. काम नसलेल्या, वृद्ध झालेल्या, विखुरलेल्या माणसांनी सभा, मोर्चे आणि उपोषणे यांतून आपला समूह जिवंत ठेवला. घर मिळण्याची आशा हे त्यामागील उघड कारण होते. परंतु आपण कोण होतो याची साक्ष देणारी माणसे दर सभेत पुन्हा भेटतात, हेही त्या चळवळीचे एक फलित मानले पाहिजे.

निष्कर्ष

१. गिरणगावातील कामगार एकाच समूहावर विसंबून नव्हता. गावकी, खाणावळ, चाळ, सांस्कृतिक मंडळे आणि संघटना या पाच स्तरांनी त्याच्या निरनिराळ्या गरजा भागवल्या.

२. प्लेग व १९२८ चा संप या संकटांत वेगवेगळ्या साधनांवर उभे असलेले समूह परस्परपूरक ठरले. त्यामुळे व्यक्तीचा निभाव लागला.

३. समूहाचे सदस्यत्व आपोआप स्वास्थ्यकारक ठरत नाही. विणकाम खात्यातील जातीय बंदी आणि संघटनेतील स्त्रियांचे दुय्यम स्थान यांवरून हे स्पष्ट होते. सन्मानाचे स्थान आणि आपलेपणाची भावना या अटी पूर्ण झाल्या तरच समूह आधार देतो.

४. समूहांच्या संख्येइतकेच त्यांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे. १९८२ नंतर गिरणीवर आधारलेले समूह एकाच वेळी ढासळले. गिरणीबाहेर पाया असलेले समूह टिकले.

५. औद्योगिक पुनर्रचनेचे धोरण ठरवताना केवळ आर्थिक भरपाईचा विचार अपुरा ठरतो. रोजगारासोबत नष्ट होणाऱ्या समूहजीवनाची किंमत हिशेबात धरणे आवश्यक आहे.

समारोप

आजचा स्थलांतरित कामगार गिरणीत जात नाही. तो बांधकामावर, गोदामात, सुरक्षारक्षक म्हणून किंवा दुचाकीवरून घरपोच वस्तू पोहोचवण्याच्या कामावर असतो. त्याचा मुकादम बहुधा भ्रमणध्वनीतील एक उपयोजन असते आणि शेजारी काम करणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक असतेच असे नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर लाखो मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा १८९६-९७ च्या स्थलांतराचे स्मरण अनेक अभ्यासकांना झाले. शहराने काम दिले होते, परंतु संकटकाळी थांबावे असे नाते दिले नव्हते. गिरणगावाने आपल्या माणसांना असे नाते मर्यादित प्रमाणात, अनेक दोषांसह आणि अनेकांना वगळून का होईना, पण दिले होते. त्या दोषांची पुनरावृत्ती टाळून ते नाते नव्या कामगाराला कसे मिळेल, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाइतकाच नगररचनाकार, कामगार संघटना आणि शासन यांच्याही विचाराचा विषय व्हावयास हवा.